सहावं वर्तुळ

४ सप्टेंबर, सोमवार

आज सकाळच्या बैठकीत मुख्याध्यापकांनी जाहीर केलं की गणित यापुढे शिकवायचं नाही, त्यावर चर्चा घडवायची. ते मूळचे भूगोलाचे. नकाशात एकदा नदी दाखवली की ती दरवर्षी तिथेच सापडते, अशा विषयात हयात गेलेल्या माणसाला गणितातलं काय कळणार. पण कुठल्याशा शिबिरात जाऊन जेवून आले आणि तेव्हापासून त्यांना मुलांचं गप्प बसणं सोसवेना. आजवर हेच गप्प बसणं त्यांना शिस्त म्हणून आवडत होतं.

ज्यावर मुलं बोलतील अशी गणितं शोधायची, असा हुकूम आहे. आठवीच्या दोन तुकड्या. ब माझी, अ नव्या बाईंची. वीस तारखेला माझ्या तासाला मुख्याध्यापक मागे बसून किती मुलं बोलतात ते मोजणार, दुसऱ्या दिवशी नव्या बाईंच्या. जिच्या वर्गात चर्चा चांगली, तिला पुढच्या वर्षीची दहावी.

दहावी माझी आहे. ती मला कुणी दिलेली नाही, मी आहे म्हणून ती आहे. दहावी शिकवते म्हणून दवाखान्यात मला आधी आत घेतात. दहावी काढून घेतली तर माझ्याकडे उरतं काय, तर गुडघे.

नव्या बाई दर वाक्याला 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारतात, म्हणून मी त्यांना मनात काय-वाटतं बाई म्हणते. परवा शिपायाने विचारलं, 'बाई, पंखा लावू?' त्या म्हणाल्या, 'तुम्हाला काय वाटतं?' तो बिचारा अजून बटणाशी उभा असेल.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. निवृत्त झाल्यापासून ह्यांना प्रत्येक गोष्टीवर मत आहे. म्हणाले, "गेली दहावी तर जाऊ दे की. तुला जरा उसंत मिळेल."

"नक्की?" मी म्हटलं.

"नाही, म्हणजे, तू म्हणतेस तेच बरोबर," म्हणाले आणि वर्तमानपत्रात शिरले. ह्यांच्याशी चर्चा होतच नाही.

६ सप्टेंबर, बुधवार

पहिला प्रयोग. आयताची लांबी दहा टक्के वाढवली, रुंदी दहा टक्के कमी केली, तर क्षेत्रफळाचं काय होईल? मला वाटलं, भांडतील. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचं लक्ष सतत बाहेर असतं, म्हणून मी तिला खिडकी म्हणते. ती म्हणाली, "तेवढंच राहील."

"नक्की?"

ती खाली बसली. बाकीच्यांचे वर आलेले हातही झरझर खाली गेले. मग आमचा हुशार, ज्याला सगळे शंभर म्हणतात, तो उठला. "एक टक्का कमी." मी खडू उचलला. तो फळ्याला टेकायच्या आत सगळ्यांनी वह्यांत 'एक टक्का कमी' लिहूनसुद्धा टाकलं. झाली चर्चा.

यांना बोलतं करा म्हणे. यांना एक मत धड अर्धा मिनिट धरून ठेवता येत नाही. मी 'चूक' म्हटलं नव्हतं, काहीच म्हटलं नव्हतं. कणाच नाही या पिढीला.

८ सप्टेंबर, शुक्रवार

अवघड कोडं दिलं. कुणालाच सुरुवात सापडली नाही. सगळा वेळ पंख्याची चर्चा ऐकली.

१२ सप्टेंबर, मंगळवार

काल ठरवलं होतं की मोकळंढाकळं काहीतरी द्यावं. शाळेच्या पाण्याच्या टाकीत किती चुळा मावतील? वर्ग उसळला. पण मुद्दा हा निघाला की चूळ कुणाची धरायची. सर्वात मोठं तोंड कुणाचं यावर वाद झाला आणि अखेर वर्गाने एकमताने माझ्याकडे पाहिलं. बोलणं पुष्कळ झालं, गणित शून्य.

मधल्या सुट्टीत काय-वाटतं बाई शेजारी येऊन बसल्या. मी विचारलं नव्हतं, तरी सांगू लागल्या.

"गणित असं निवडायचं बाई, की पहिलं पाऊल सगळ्यांना टाकता यावं आणि शेवटचं कुणालाच माहीत नसावं."

"कुणालाच म्हणजे? बाईलासुद्धा?"

"बाईला माहीत असलं तरी तोंडावर दिसू नये."

"माझ्या तोंडावरून आजवर कुणाला काही कळलेलं नाही," मी म्हटलं.

"हो?" असं म्हणून त्यांनी चहाचा घोट घेतला. एवढासा घोट, पण घेतला मात्र फार सावकाश. मला ती बाई आवडत नाही. त्यांच्या आवाजात असा एक मऊपणा आहे, की आपल्याला ताप आहे आणि त्या कपाळाला हात लावून बघतायत असं वाटतं.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

सापडलं.

शेवटच्या तासानंतर आठवी अ च्या वर्गावरून चालले होते. वर्ग रिकामा, फळा अर्धवट पुसलेला. फळ्यावर एका ओळीत वर्तुळं. पहिल्यावर दोन बिंदू, ते जोडलेले, खाली २. दुसऱ्यावर तीन बिंदू, सगळे एकमेकांना जोडलेले, खाली ४. रेषांनी वर्तुळाचे किती भाग पडले, ते मोजून लिहिलेलं. चार बिंदूंना ८. पाच बिंदूंना १६. सहाव्या जागी डस्टर फिरलेलं, नुसता पांढरा ढग. पण तिथे काय होतं हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. दोन, चार, आठ, सोळा.

बघता बघता पटलं. पहिलं पाऊल कुणालाही टाकता येतं. रेषा ओढायच्या आणि भाग मोजायचे. मग मुलांना दिसेल की आकडा दर वेळी दुप्पट होतोय. का होतोय, यावर बोलतील. सुंदर गणित आहे. अशा बाईच्या हाती वाया जायचं.

याला चोरी म्हणत नाहीत. फळा सार्वजनिक असतो.

१८ सप्टेंबर, सोमवार

परवाची तयारी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ह्यांची पट्टी घेऊन पाच वर्तुळं काढली. आकडे बरोबर. हे मागे उभे राहून बघत होते.

"सहावं काढू का मी?"

"कशाला? सोळा दुणे बत्तीस. त्याला काढायचं काय?"

"नाही, वेळ आहे म्हणून म्हटलं."

वेळ आहे म्हणून यांनी गेल्या आठवड्यात मिक्सर उघडला होता. तो अजून उघडाच आहे. मी पट्टी काढून घेतली.

२० सप्टेंबर, बुधवार

आजचा दिवस सविस्तर लिहिते, कारण असे दिवस कमी येतात.

मुख्याध्यापक मागच्या बाकावर, मांडीवर पाटी, तिला कागद अडकवलेला. त्यांच्या शेजारी काय-वाटतं बाई. दुसऱ्या तुकडीचा तास बघणंही शिबिरात सांगितलंय म्हणे. मी पहिलं वर्तुळ काढलं आणि बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्या एकदम ताठ झाल्या. ओळखलं असणार.

मुलं मोजत गेली. दोन, चार, आठ, सोळा. वर्गाला गंमत वाटायला लागली. मग म्हटलं, "आता सहा बिंदू. वहीत काढा आणि सांगा."

पट्ट्यांची खडखड झाली. खिडकी सगळ्यांत आधी उठली. "एकतीस."

"नक्की?"

ती खाली बसली. दुसऱ्या कोपऱ्यातून आणखी दोघं म्हणाली, "एकतीस." एक म्हणाला, "तीस." मी चष्मा काढून पुसला आणि म्हटलं, "नक्की? नीट मोजलंत?" आणि मग जे झालं ते बघायला माणसाने शिक्षक व्हावं. अख्खा वर्ग पुन्हा वह्यांत वाकला, आणि बत्तीसाव्या भागाचा शोध सुरू झाला.

शंभर उठला. "बत्तीस, बाई. नवीन बिंदू आला की त्याच्या रेषा जुन्या भागांना चिरत जातात. एकाचे दोन. म्हणून दुप्पट."

एक पोरगी म्हणाली, "मला आधी एकतीस आले होते, पण मधे एक अगदी बारीक भाग आहे. पेन्सिल जाड होती म्हणून दिसला नाही."

"माझ्यातही तो मधेच आहे," दुसरा म्हणाला. तिसरा म्हणाला, "माझा कडेला." त्यावर दोघांत जुंपली, बारीक भाग मधे की कडेला. मी फक्त खडू हातात धरून उभी होते. कारण विचारावं लागलं नाही, एकामागून एक उठत होते. जी पोरं हजेरीलाही पुटपुटतात ती बोलली. मुख्याध्यापकांची पेन्सिल थांबत नव्हती.

तास संपल्यावर ते म्हणाले, "बाई, याला म्हणतात चर्चा. केवढी मुलं बोलली."

काय-वाटतं बाई काही बोलल्या नाहीत. सगळा वेळ खाली चपलांकडे बघत होत्या. हेव्याने माणूस इतका गप्प होतो हे मला ठाऊक नव्हतं.

२१ सप्टेंबर, गुरुवार

आज त्यांचा तास. गणित काय होतं आठवतही नाही, इतकी त्यात शांतता होती. त्या प्रश्न विचारायच्या आणि चक्क थांबायच्या. मुलं त्यांच्या तोंडाकडे न बघता वहीकडे बघत होती, हे मला उद्धटपणाचं वाटलं. मधूनच कुणीतरी अर्धं वाक्य बोलायचं, दुसरं कुणीतरी ते तोडायचं. मुख्याध्यापक दोनदा घड्याळाकडे आणि एकदा छताकडे बघून झाले. दुपारी बोलावून मला सांगितलं, दहावी तुमचीच.

शिक्षकांच्या खोलीत काय-वाटतं बाई कपाट आवरत होत्या. जिंकल्यावर माणसाने मोठं मन दाखवावं, म्हणून मी म्हटलं, "तुमचा तासही बरा झाला हो."

त्यांनी कपाटाचं दार लावलं. "बाई, सहावं वर्तुळ तुम्ही स्वतः मोजलंत?"

"त्यात काय मोजायचंय?"

"मोजून बघा ना एकदा."

"आणि समजा नाही मोजलं, तर साहेबांना जाऊन सांगणार?"

"मी कशाला सांगू? तुमचा वर्ग आहे."

तोच मऊ आवाज. कपाळावर हात. मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं ते तुमच्यापाशी ठेवा," आणि निघाले.

घरी आल्यावर, केवळ त्यांची जिरवायची म्हणून, ह्यांना मोठा कागद दिला. हे खुलले. ताटलीने वर्तुळ काढलं, सहा बिंदू घेतले, पेन्सिलीला टोक केलं, प्रत्येक भागात आकडा लिहीत गेले. मी कणीक मळत होते.

"एकतीस," हे म्हणाले.

"नक्की?"

ह्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बत्तीस असतील. एखादा राहिला असेल माझा."

"कुठला राहिला?"

"असेल गं कुठलातरी. तू म्हणतेस तर असेल."

मी कणकेच्या हाताने कागद ओढला. प्रत्येक भागात ह्यांचा सुबक आकडा, एकही जागा रिकामी नाही. कागद पालटून मागे दुसरं वर्तुळ काढलं. एकतीस. बिंदू जरा सरकवून आणखी एक काढलं. एकतीस. बिंदू अगदी सारख्या अंतरावर घेतले तर तीन रेषा मधोमध एकाच ठिकाणी भेटतात आणि एक भाग आणखी कमी होतो, तीस. बत्तीस काही केल्या येईना. सोळापर्यंत सरळ चालत आलेलं गणित सहाव्या पावलाला पाय घसरून पडतं, आणि बहुतेक त्याची गंमतच ती आहे. काय-वाटतं बाईने ते त्यासाठीच निवडलं होतं. मी त्याचं धड उचलून आणलं आणि डोकं तिथेच फळ्यावर ठेवलं.

पोळ्या ह्यांनी केल्या. जाड झाल्या. काही म्हटलं नाही.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळभर विचार केला की गप्प बसावं. आठवीच्या पोरांच्या वहीत एक आकडा चुकला तर आकाश कोसळत नाही. दहावी हातात आहे. हे सगळं स्वतःला पटवून झालं, आणि तरीही मुख्याध्यापकांच्या दारात जाऊन उभी राहिले. कारण चांगुलपणा नव्हे. ती बाई सांगणार नाही म्हणाली, आणि तिच्या न सांगण्यावर माझी दहावी उभी राहावी हे मला सोसणार नाही.

"साहेब, परवाचं उत्तर चुकलं होतं. बत्तीस नाही, एकतीस."

त्यांनी वर पाहिलं. "म्हणजे एकाचाच फरक?"

"गणितात तो फरकच असतो."

"पण मुलं बोलली ना?"

"चुकीच्या उत्तरावर बोलली."

"बाई, बोलण्याचा रकाना वेगळा आहे. उत्तराचा रकानाच नाही. आणि अहवाल वर गेलाय. तुम्ही आता हे उकरू नका."

भूगोलात सगळं जवळपास चालतं. राजधानी थोडी इकडे थोडी तिकडे.

२५ सप्टेंबर, सोमवार

वर्गात गेले, काही न बोलता फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं, सहा बिंदू, सगळ्या रेषा. म्हटलं, "किती?"

"बत्तीस," सगळे एका सुरात.

खिडकीला फळ्याशी बोलावलं. "प्रत्येक भागात आकडा लिही." ती लिहीत गेली. एकतीसवर थांबली आणि फळ्याकडे न बघता माझ्याकडे बघत उभी राहिली.

"बत्तीसावा कुठे आहे?"

मग शंभर म्हणाला, "बाई, बारीक असेल."

"नाहीये. त्या दिवशी मी चुकले. एकतीसच आहेत." एवढं बोलून टाकलं. वर्गाला धक्का बसेल असं वाटलं होतं. कुणी हूं की चूं केलं नाही. तेव्हा विचित्र वाटून खिडकीला विचारलं, "तू पहिल्यांदा एकतीसच म्हणाली होतीस. मग बदललंस का?"

"तुम्ही 'नक्की?' म्हणालात."

"'नक्की?' म्हणजे पुन्हा मोज असं होतं."

"नाही बाई." ती फार शांतपणे म्हणाली. "बरोबर असलं की तुम्ही काहीच म्हणत नाही. चुकलं की 'नक्की?' म्हणता. आणि आम्हाला तर 'अ'वाल्यांनी आधीच सांगितलं होतं, एकतीस येतात म्हणून. मी मोजले, तर खरंच आले. पण तुम्ही 'नक्की?' म्हणालात."

मागून एक पोरगा म्हणाला, "चष्मा काढला तरी चूक असतं."

"नाही हं," पुढची एक. "मागच्या महिन्यात बाईंनी चष्मा काढला आणि उत्तर बरोबर होतं."

"तेव्हा बाईंच्या डोळ्यात काहीतरी गेलं होतं. ते धरायचं नाही."

"का नाही धरायचं? काढला तर काढला."

"मग असं म्हणू, की चष्मा काढला आणि 'नक्की?'ही म्हटलं, तरच चूक."

"नुसतं 'नक्की?' पण पुरतं. सांग एक वेळ जेव्हा 'नक्की?' म्हणाल्या आणि उत्तर बरोबर होतं."

"परवा. एकतीस."

मग सगळेच बोलायला लागले. शंभरने मान खाली घालून सांगितलं की तो उत्तराचा शेवटचा शब्द लांबवतो आणि बाईंचा हात खडूकडे जातोय का ते बघतो. गेला नाही तर शब्द बदलतो. कुणी म्हणालं, खडू डाव्या हातात असला तर मोजायचा नाही. कुणी पुरावा मागितला, कुणी दिला, कुणी खोडून काढला. आठवी ब ने माझ्यावर एक अख्खा सिद्धांत बांधला होता, अपवादांसकट. मी त्यांच्यासाठी काय काय गणितं धुंडाळली, आणि ही सगळी कार्टी रोज एकच सोडवत होती, ते म्हणजे मी.

मला रागवायचं होतं. रागवलेसुद्धा असते. पण पहिल्यांदाच माझ्या वर्गात कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. एकमेकांकडे बघून भांडत होते.

तेवढ्यात दारात मुख्याध्यापक. "हा काय बाजार मांडलाय? बाई, वर्ग आवरा." त्यांना बघून पोरं चिडीचूप झाली. मागच्या बाकावरून एकाने मात्र हळूच सांगितलं, "सर, चर्चा चाललीय. बाई कशा चुकतात यावर."

२६ सप्टेंबर, मंगळवार

दहावी गेली. मुख्याध्यापकांनी उभ्याउभ्याच सांगितलं. "दहावीला शिस्त लागते, बाई. मुलं बाईंच्या चुका काढतायत हे पालकांच्या कानावर गेलं तर? ती नव्या बाईंना देतो. त्यांचा वर्ग शांत असतो." अहवाल वर गेला होता ना, म्हटलं. तर म्हणाले, दुरुस्तीचा रकाना असतो.

शिक्षकांच्या खोलीत काय-वाटतं बाई वाटच बघत होत्या. "बाई, मी साहेबांना सांगते, मला दहावी नको. ती तुमची आहे."

"नक्की?" मी म्हटलं.

कपाळावरचा तो हात एकदम गळून पडला. "नाही," म्हणाल्या. "हवीय मला. फार हवीय."

त्यांच्या तोंडून आजवर ऐकलेलं हे पहिलं सरळ वाक्य. मी म्हटलं, "मग घ्या, आणि रडू नका. आणि माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका मागायला येऊ नका." मग जाता जाता म्हटलं, "पहिल्या कपाटात आहेत."

बाई अजूनही आवडत नाही.

घरी सांगितलं. हे 'आता उसंत मिळेल' म्हणायला तोंड उघडून पुन्हा मिटून बसले. आठवी ब ला उद्या सात बिंदूंचं वर्तुळ देणार आहे. सहाला गणित घसरलं, सातला कुठे जातं ते बघायचं. मी ते मुद्दाम मोजलेलं नाही. उद्या माझ्या तोंडाकडे बघून पोरांना काही सापडणार नाही. खडूलाही माहीत नसेल.

ह्यांनी मात्र ताटली आणि पेन्सिल घेऊन दुपारभर बसून मोजून ठेवलंय. एवढी सुबक आकृती, सगळ्या भागांत आकडे. मघापासून कागद पाठीमागे धरून उभे आहेत.

"सांगू का?"

"सांगून तर बघा," मी म्हटलं.

"पण मी दोनदा मोजलंय. माझं नक्की आहे यावेळी."

मी काही विचारलं नाही.